पानथरीचें दर्शन

श्रोतेहो, माझ्या पोटावर डाव्या बाजूस, बरगडीच्या खालीं, तीन डाग आहेत. बोटभर लांबीचे, एकाखालीं एक, आणि साठ वर्षें लोटलीं तरी न बुजलेले. लहानपणीं नदीवर पोहतांना सोबती त्यांविषयीं विचारीत. पुढें शाळामास्तर झालों, सदऱ्याखालीं ते झांकले गेले, आणि कालांतरानें मी स्वतःहि त्यांना विसरलों. दोन वर्षांपूर्वीं पुण्यास पोटाची सोनोग्राफी करून घेण्याचा प्रसंग आला, तेव्हां यंत्राची मूठ पोटावरून फिरवितां फिरवितां तेथील तरुण डॉक्टरीणबाई मध्येंच थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, हे डाग कसले?"

"पानथरीचे," मीं म्हटलें.

"पानथरी म्हणजे?"

"तुम्ही आत्तां समोरच्या पडद्यावर जी पाहत आहां, तीच."

हा शब्द त्यांच्या पुस्तकांत नव्हता. त्यांच्या पुस्तकांत तिला स्प्लीन म्हणतात आणि आपल्या संस्कृत ग्रंथांत प्लीहा. बाईंना मीं अर्थ सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि पुन्हां कामास लागल्या. परंतु घरीं येतांना एस. टी. त बसल्यावर एक विचार माझ्या मनांत घोळूं लागला. जो अवयव वाढला आहे असें केवळ अंदाजानें ठरवून माझ्या आजीनें मला तापलेल्या लोखंडानें डागलें, तोच अवयव साठ वर्षांनीं, मला किंचितहि इजा न होतां, मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिला. या दोन प्रसंगांच्या मध्यें कोणाकोणाची खटपट झाली असेल, आणि ती करतांना किती जणांचें आयुष्य खर्चीं पडलें असेल? आज मी आपणांस तीच हकीगत सांगणार आहें. मी वैद्य नव्हें. जन्मभर मुलांना बाराखडी व पाढे शिकविले. परंतु निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि ज्याच्या अंगावर खूण आहे त्यानें त्या खुणेचा इतिहास जाणून घ्यावा, एवढाच काय तो माझा अधिकार.

आमचें कोळवण मुळशी तालुक्यांत, पौडाच्या पुढें, वळकी नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. पाऊस मुबलक, सगळीकडे भाताचीं खाचरें, आणि पावसाळा सरला कीं खाचरांत व डबक्यांत सांचून राहिलेलें पाणी. असल्या मुलुखाला हिंवताप नवा नव्हता. ताप वरचेवर येई, मूल पिवळें पडे, हातापायांच्या काड्या होत आणि पोट मात्र नगाऱ्यासारखें पुढें येई. मग घरांतलें जाणतें माणूस डाव्या बरगडीखालीं बोटें दाबून पाही आणि सांगे, पानथरी वाढली. माझ्या आजीचीं दोन मुलें अशींच पोट वाढून गेलीं होतीं. १९६४ सालीं, मी पांच वर्षांचा असतांना, मला ताप येऊन पोट फुगलें, तेव्हां थांबून पाहण्याचें धाडस तिला झालें नाहीं. चुलींत विळा तापविला गेला आणि दोघांनीं माझे हातपाय धरले. डाग देतांना आजी रडत होती, एवढें मला पक्कें आठवतें. मी बरा झालों. तेव्हां डागांनीं गुण आला असें घरांत सर्वांनीं धरलें, आणि पुष्कळ वर्षें माझीहि तशीच समजूत होती.

आतां या अवयवांची थोडी ओळख करून घेऊं. यकृत हें पोटाच्या उजव्या बाजूस, छातीच्या पडद्याला लागून, बरगड्यांच्या आड असतें. मोठ्या माणसांत त्याचें वजन सुमारें दीड किलो भरतें. शरीराच्या आंतला याहून मोठा अवयव दुसरा नाहीं. मराठींत काळीज हा शब्द खरें पाहतां याचाच, परंतु काळजाला घर पडलें असें म्हणतांना आपला हात डाव्या छातीवर जातो, हा आपल्या भाषेचा एक गंमतीचा घोटाळा आहे. प्लीहा डावीकडे, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड दडलेली, मुठीएवढी आणि दीडदोनशें ग्रॅम वजनाची. ती रक्ताची चाळण आहे. जुन्या झालेल्या व बिघडलेल्या तांबड्या पेशी ती वेंचून काढते. हिंवतापांत जंतूंनीं पोखरलेल्या पेशींची एवढी गर्दी तिच्याकडे होते कीं तें काम उरकतां उरकतां ती स्वतःच फुगत जाते. निरोगी मोठ्या माणसाची प्लीहा सहसा हाताला लागत नाहीं. ती बरगडीच्या खालीं उतरून बोटांना लागली, कीं कांहींतरी बिघडलें आहे असें समजावें.

म्हणजे या अवयवांचें पहिलें दर्शन मनुष्याला डोळ्यांनीं झालें नाहीं, तें हातानें झालें. चरकसंहितेंत उदररोगांच्या प्रकरणीं प्लीहोदराचें वर्णन आहे. त्यांत वाढलेली प्लीहा आरंभीं कठीण गांठीसारखी लागते आणि पुढें कांसवाच्या पाठीच्या आकाराची होते असें म्हटलें आहे. ज्यानें हें लिहिलें त्यानें असंख्य पोटांवर हात ठेवले असले पाहिजेत. त्याच ग्रंथांत विशिष्ट लक्षणें असतां अग्निकर्माचाहि उपाय सांगितला आहे. परंतु कोणास, केव्हां आणि कोणत्या लक्षणांवर तो करावा, हें सारें शास्त्र मागें गळालें आणि गांवोगांवच्या चुलीपर्यंत फक्त तापलेलें लोखंड पोंचलें.

या हाताच्या दर्शनाला मोजमापाची जोड मिळाली ती एकोणिसाव्या शतकांत, आणि तीहि आपल्याच देशांत. उत्तरेंत यमुनेच्या कालव्यांच्या आसपासचीं गांवें तापानें ओस पडूं लागलीं, तेव्हां १८४५ सालीं सरकारनें एक चौकशी समिति नेमली. तिच्यांत डेंप्स्टर नांवाचे एक शल्यवैद्य होते. ताप कशानें येतो हें त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें. डासांचा संबंध सिद्ध व्हावयास अजून पन्नास वर्षांचा अवकाश होता. डेंप्स्टर यांनीं एक साधी युक्ति काढली. गांवोगांव जाऊन लोकांचीं पोटें चांचपावयाचीं आणि शेंकडा किती जणांची प्लीहा हाताला लागते तें वहींत टिपावयाचें. ज्या गांवीं पाण्याचा निचरा तुंबला होता तेथें हा आंकडा फुगलेला आढळला. आजतागायत हिंवतापाच्या शास्त्रांत या मापनाला स्थान आहे. एका माणसाच्या पोटावरचा हात त्या माणसाचा रोग सांगतो, आणि शंभर माणसांच्या पोटांवरचा हात साऱ्या गांवाचा रोग सांगतो, हें प्रथम ओळखल्याचें श्रेय डेंप्स्टर यांना दिलें पाहिजे.

पुढील इतिहास आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. १८८० सालीं लाव्हेरान यांनीं रुग्णाच्या रक्तांत हिंवतापाचा जंतु पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटांत सांपडला. १९११ सालीं डॉ. बेंटले यांनीं मुंबई शहरांतील हिंवतापाची चौकशी करून त्याचें मूळ वाड्यावाड्यांतील विहिरींत वाढणाऱ्या डासांत आहे असें दाखविलें. १९४६ सालीं मुंबई प्रांतांत, कारवार व धारवाड भागांत, डॉ. विश्वनाथन् यांनीं घराघरांतून डीडीटी फवारण्याचे मोठे प्रयोग केले. त्याच अनुभवावर १९५३ सालीं राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. त्या मोहिमेच्या आधीं देशांत वर्षाकाठीं साडेसात कोटी लोक हिंवतापानें आजारी पडत आणि सुमारें आठ लक्ष दगावत, असा अंदाज होता. १९६१ सालीं रुग्णांची नोंद अवघ्या पन्नास हजारांच्या आसपास आली. (पुढें मोहीम ढिली पडली आणि १९७६ सालीं हाच आंकडा चौसष्ट लक्षांवर गेला, हेंहि विसरतां कामा नये.)

हे आंकडे मीं प्रथम वाचले तेव्हां पुस्तक मिटून स्वस्थ बसलों. मला डागलें १९६४ सालीं. त्या वर्षीं हिंवताप देशांतून जवळजवळ नाहींसा झाला होता. मग मला झालेला ताप हिंवतापच होता काय? फुगलेलें पोट जंतांनीं फुगलें असेल, आंबोणीनें फुगलें असेल. माझी पानथरी वाढली होती कीं नाहीं, हें आज कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. आजीनें माझें पोट पाहिलें खरें. परंतु तिच्या डोळ्यांपुढें होतीं तीं गेलेलीं दोन मुलें. जें दिसत नाहीं त्याच्या जागीं माणूस आपली भीति पाहतो, हें मला तेव्हांपासून समजूं लागलें.

आतां डोळ्यांच्या दर्शनाकडे वळूं. १८९५ सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींतील व्युर्त्सबुर्ग येथें प्राध्यापक राँटजेन यांना एक अदृश्य किरण सांपडला. त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें जें चित्र घेतलें, त्यांत हाडें व बोटांतील अंगठी स्पष्ट दिसत होती. जगभर मोठी खळबळ उडाली. १९०१ सालचें पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळालें. परंतु यकृत व प्लीहा मात्र या किरणांना वश झालीं नाहींत. हाडांतील चुना किरणांना अडवितो म्हणून हाडाची छाया पडते. यकृत, प्लीहा, जठर, आंतडीं हीं सारीं जवळजवळ सारख्याच घनतेचीं, पाण्यासारखीं. पाण्यांत पाण्याची छाया कशी पडणार? क्ष-किरणांच्या कांचेवर यकृताच्या जागीं एक धुरकट पट्टा उमटे, त्यांतील गळूं अगर गांठ वेगळी दिसत नसे.

मग डॉक्टरांनीं विचार केला कीं किरणांना अडविणारें एखादें जड द्रव्य या अवयवांतच नेऊन ठेवलें तर? तें पोंचविण्याची वाट निसर्गानें आधींच करून ठेविली होती. १८७६ सालीं कुप्फर नांवाच्या शरीरशास्त्रज्ञास यकृतांत तारकेच्या आकाराच्या पेशी दिसल्या होत्या. या पेशी म्हणजे यकृताच्या रक्तवाहिन्यांत बसलेले चौकीदार. रक्तांतून वाहत येणारा परका कण त्या पकडून गिळतात. प्लीहेंतहि असेच चौकीदार आहेत. तेव्हां बारीक कणांचें द्रावण शिरेंतून टोंचलें तर तें आपोआप या दोनच ठिकाणीं गोळा व्हावें, हें उघड होतें. १९३० च्या सुमारास यासाठीं थोरियमच्या भस्माचें एक द्रावण बाजारांत आलें. त्याचें नांव थोरोट्रास्ट. थोरियम आपल्या परिचयाचें आहे. लग्नाच्या मांडवांत पूर्वीं जी पेट्रोमॅक्सची बत्ती लागे, तिच्या जाळीला पांढरा लखलखाट येई तो याच भस्मामुळें.

थोरोट्रास्टनें काम असें चोख केलें कीं डॉक्टर थक्क झाले. टोंचल्यावर रुग्णास कसलाहि त्रास होत नसे, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत यकृत व प्लीहा शंखासारखीं शुभ्र उमटत. मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखविण्यासाठींहि त्याचा सर्रास उपयोग झाला. जर्मनी, पोर्तुगाल, डेन्मार्क, जपान अशा अनेक देशांत हजारों लोकांना तें टोंचलें गेलें. जपानांत त्यांतले पुष्कळसे जखमी सैनिक होते. परंतु थोरियम हें किरणोत्सर्गी द्रव्य आहे, आणि चौकीदार पेशींनीं गिळलेला त्याचा कण शरीराबाहेर जवळजवळ पडतच नाहीं. त्याचें आयुष्य अर्धें होण्यास सुमारें चौदाशें कोटि वर्षें लागतात. म्हणजे त्या माणसाच्या यकृतांत एक बारीकशी शेगडी पेटविली गेली, आणि ती त्याच्या हयातींत विझणें शक्य नव्हतें. घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या अमेरिकेंतील मुलींची करुण कहाणी तोंवर जगापुढें आली होती. कांहीं डॉक्टरांनीं आरंभींच धोक्याची सूचना दिली होती. चित्र सुंदर निघतें या मोहापुढें ती कोणीं ऐकिली नाहीं. वीस वीस, तीस तीस वर्षांनीं त्या लोकांत यकृताचे कर्करोग व रक्ताचे कर्करोग दिसूं लागले. १९५० नंतर त्याचा वापर बंद होत गेला, परंतु ज्यांना टोंचलें होतें त्यांच्यावर डॉक्टर पुढें कित्येक दशकें नजर ठेवून होते. तो अभ्यास आज किरणोत्सर्गाच्या शास्त्राचा एक आधार मानला जातो, पण तें शहाणपण कोणाच्या जिवावर मिळालें हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

आजीच्या विळ्याला हंसणारे मला पुष्कळ भेटतात. त्यांना मी ही थोरोट्रास्टची गोष्ट सांगतों. आजीनें न पाहतां डागलें. या विद्वानांनीं पाहण्यासाठीं डागलें. तिचा डाग कातडीवर राहिला, यांचा आंत खोल गेला. दोघांचाहि हेतु चांगलाच होता.

कणांची वाट मात्र खरी होती, फक्त ती चालण्यासाठीं लवकर विझणारा दिवा हवा होता. तो दिवा १९३७ सालीं सांपडला. इटलींतील पालेर्मो येथें सेग्रे व पेरिये या दोघांनीं अमेरिकेहून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यांतून एक नवें मूलद्रव्य वेगळें काढलें. पृथ्वीवर तें सहजासहजीं सांपडत नाहीं, मनुष्यानें कृत्रिम रीतीनें घडविलेलें हें पहिलेंच मूलद्रव्य, म्हणून त्याचें नांव टेक्नेशियम पडलें. त्याचा एक प्रकार असा आहे कीं त्याचा किरणोत्सर्ग सहा तासांत निम्मा होतो. शाळेंत मी मुलांना हें जुन्या आण्यांच्या हिशेबानें समजावीत असें. सकाळीं सहा वाजतां रुपया, म्हणजे सोळा आणे, दुपारीं बारास आठ आणे, सायंकाळीं सहास चार, मध्यरात्रीं दोन, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहास हातीं एक आणा. चित्र काढण्यापुरता प्रकाश मिळतो, आणि मग दिवा आपला आपण विझतो.

परंतु सहा तासांत निम्मा होणारा माल कारखान्यांतून रुग्णालयापर्यंत पोंचवावयाचा कसा? १९५८ च्या सुमारास अमेरिकेंतील ब्रुकहेव्हन येथील शास्त्रज्ञांनीं त्यावर तोड काढली. मॉलिब्डेनमचा एक किरणोत्सर्गी प्रकार पावणेतीन दिवसांत निम्मा होतो, आणि निम्मा होतां होतां त्याचेंच टेक्नेशियम बनत जातें. तेव्हां मॉलिब्डेनमच रुग्णालयांत पाठवावयाचें आणि रोज सकाळीं त्यांतून ताजें टेक्नेशियम काढून घ्यावयाचें. अमेरिकन लोक या साधनाला गाय म्हणूं लागले. सकाळीं गाय पिळणें काय असतें, हें आम्हां खेड्यांतल्यांना कोणीं समजावून सांगावयास नको. १९६४ सालीं, म्हणजे जेव्हां कोळवणांत माझ्यासाठीं विळा तापत होता त्याच वर्षीं, शिकागोच्या हार्पर यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टेक्नेशियम गंधकाच्या बारीक कणांना चिकटवून त्याच जुन्या वाटेनें यकृतांत धाडलें. किरण टिपण्याचीं यंत्रेंहि तयार होतीं. पोटावरून रेघांरेघांनीं पुढेंमागें फिरणारें यंत्र १९५० च्या सुमारास कासेन यांनीं बनविलें होतें, आणि एकदम सबंध चित्र घेणारा कॅमेरा त्यानंतर सात-आठ वर्षांनीं ॲंगर यांनीं.

हें सारें आपल्याकडे यावयास वेळ लागला नाहीं, याचें श्रेय मुंबईस आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ट्रॉम्बे येथें भारतांतील पहिली अणुभट्टी पेटली. तिच्या पाण्यांत दिसणाऱ्या निळ्या प्रकाशावरून पंडित नेहरूंनीं तिचें नांव अप्सरा ठेविलें. १९६० सालीं सायरस ही मोठी भट्टी सुरू झाली, आणि १९६३ सालीं अणुशक्ति खात्यानें परळ येथें रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन केलें. अणूचा उपयोग रोग ओळखण्याकडे करणाऱ्या या संस्थेनें कित्येक डॉक्टर घडविले. परदेशांतून तयार गाय विकत आणणें महाग पडे. म्हणून ट्रॉम्बेच्या भट्टींतच मॉलिब्डेनम तयार करून तें रुग्णालयांना धाडीत, आणि तेथें एका द्रावकाच्या साह्यानें त्यांतून टेक्नेशियम वेगळें काढीत. ही रीत आपल्याकडे दीर्घकाळ चालली. गंधकाप्रमाणेंच फायटेट नांवाचें एक द्रव्यहि यकृताच्या चित्रासाठीं वापरूं लागले. तें टोंचलें कीं रक्तांतील चुन्याशीं मिळून त्याचे तेथल्या तेथें बारीक कण बनतात. हें फायटेट निसर्गांत धान्याच्या कोंड्यांत विपुल असतें. आमच्या मुळशीचा आंबेमोहोर सडतांना जो कोंडा निघतो आणि जो आम्ही गुरांना घालतों, त्यांतहि तें आहे, हें वाचून मला मोठी मौज वाटली.

असलें चित्र मीं प्रत्यक्ष पाहिलें तें १९७८ सालीं. माझे वडील तापानें व उजव्या कुशींतील कळांनीं महिनाभर अंथरुणाला खिळले होते. गांवांतील वृद्धांनीं पुन्हां विळ्याची गोष्ट काढली. परंतु माझे चुलते मुंबईस गिरणींत होते. ते येऊन वडिलांना घेऊन गेले, आणि बरोबर मीहि गेलों. तेथील एका रुग्णालयांत वडिलांच्या दंडांत सुई टोंचली, पाव तास थांबविलें, आणि मग त्यांना एका फळीवर निजवून वरून तें यंत्र फिरूं लागलें. खट् खट् असा आवाज होई आणि शेजारच्या कागदावर ठिपके उमटत जात. हळूहळू ठिपक्यांचें यकृत तयार झालें. त्याच्या उजव्या भागांत मात्र लिंबाएवढी जागा कोरी राहिली. डॉक्टरांनीं त्या कोऱ्या जागेवर पेन्सिल ठेवून आम्हांस सांगितलें, "येथें पू आहे." आमांशाच्या जंतूंनीं केलेलें तें यकृताचें गळूं होतें. जेथें चौकीदार पेशी मेल्या तेथें कण कोणीं पकडले नाहींत, म्हणून ठिपके नव्हते. दुसऱ्या दिवशीं नेमक्या त्याच जागीं सुई घालून पू काढला, औषधें दिलीं, आणि तीन आठवड्यांनीं वडील आपल्या पायांनीं चालत कोळवणास आले. पुढें ते वीस वर्षें जगले.

या ठिपक्यांच्या चित्राचा एक विशेष मला पुढें कळला. तें केवळ अवयवाचा आकार दाखवीत नसे, त्याचें काम दाखवीत असे. यकृत आकसून निबर झालें कीं त्याचे चौकीदार थकतात, आणि न पकडलेले कण प्लीहेकडे व हाडांच्या मगजाकडे जातात. मग चित्रांत यकृत फिकें व प्लीहा ठळक दिसते. उलट, आपल्या नंदुरबार, गडचिरोली भागांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकारांत प्लीहा जागेवर असूनहि कधीं कधीं काम करीनाशी होते. अशा वेळीं हें चित्र तिची जागा कोरी दाखवितें.

यानंतर दर्शनाचीं साधनें भराभर वाढलीं. १९७१ सालीं लंडन येथें हौन्सफील्ड यांच्या यंत्रानें क्ष-किरणांनींच शरीराचे काप काढून दाखविले. ज्या किरणांना पाण्यांत पाणी दिसत नव्हतें, त्यांना गणिताच्या बळावर तें दिसूं लागलें. १९७३ सालीं लॉटरबर यांनीं चुंबकाच्या साह्यानें चित्रें काढण्याची रीत प्रसिद्ध केली. ठिपक्यांच्या चित्राचें राज्य त्यामुळें ओसरलें आणि तें थोड्याशा खास कामांपुरतें उरलें. परंतु तालुक्याच्या गांवापर्यंत जी पोंचली ती सोनोग्राफी. तिचें तत्त्व आमच्या मुलांना पुस्तकाशिवाय समजतें. तिकोन्यावर सहलीस गेलें कीं प्रत्येक मूल हाक मारून तिचा प्रतिध्वनि ऐकतें. यंत्राच्या मुठींतून निघणारा ध्वनि इतका सूक्ष्म असतो कीं कानाला ऐकूं येत नाहीं. तो पोटांत शिरतो, प्रत्येक पडद्यावर आपटून परततो, आणि परतावयास लागलेल्या वेळावरून चित्र तयार होतें. पहिल्या महायुद्धांत पाणबुड्या शोधण्यासाठीं निघालेली ही विद्या १९५८ सालीं ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनीं पोटाच्या तपासणीस लाविली. हिच्यांत किरणोत्सर्ग नाहीं, टोंचणें नाहीं.

तरी निर्धोक यंत्राचाहि माणूस घात करूं शकतो. हीच मूठ थोडी खालीं सरकवून कित्येकांनीं गर्भांतल्या मुली शोधल्या आणि जन्माआधींच नाहींशा केल्या. त्याविरुद्ध कायदा करणारें पहिलें राज्य महाराष्ट्र, १९८८ सालीं. देशाचा कायदा १९९४ सालीं झाला. दवाखान्यांत यंत्राजवळ सूचना-फलक दिसतो आणि प्रत्येक यंत्राची सरकारदरबारीं नोंद असते, ती म्हणूनच. दर्शन घेणाऱ्याची नजर शुद्ध नसेल तर यंत्राची निर्मळता व्यर्थ आहे.

आतां माझ्या तपासणीचें काय झालें तें सांगून आवरतों. प्लीहा अगदीं निरोगी निघाली, लांबी साडेदहा सेंटिमीटर. यकृत मात्र पडद्यावर असावें त्याहून पांढरें दिसत होतें. बाई म्हणाल्या, यकृतांत चरबी सांठली आहे, गोड व तेलकट कमी करा, रोज चाला. ज्या खोऱ्यांत मुलें तापानें व उपासमारीनें वाळत होतीं, तेथल्या म्हाताऱ्याला आतां खाणें जास्त झाल्याचा रोग! यकृत किती निबर झालें आहे हें पाहण्यासाठीं बाईंनीं आणखी एक तपासणी सांगितली. २००३ सालापासून प्रचारांत आलेलें तें यंत्र बरगड्यांमधून एक हलकासा धक्का देतें आणि ती लहर यकृतांतून किती वेगानें धांवते तें मोजतें. यकृत जितकें कठीण तितकी लहर वेगवान. तो ठोका अंगाला जाणवला आणि मला चरकसंहितेंतील तें कांसव आठवलें. शेंकडों वर्षांपूर्वीं वैद्याचीं बोटें जें विचारीत होतीं, कठीण आहे कीं मऊ आहे, तेंच हें यंत्र विचारीत होतें. फक्त त्याचें उत्तर आंकड्यांत येत होतें.

श्रोतेहो, ही सारी विद्या आज आपल्या दाराशीं आली आहे असें म्हणून मी थांबलों असतों. परंतु २०२५ सालींहि मेळघाटांतील एका तान्ह्या मुलाच्या पोटावर डाग दिल्याची बातमी आपण वृत्तपत्रांत वाचली. तेथें या चालीला डंबा म्हणतात. ती बातमी वाचून त्या घरांतील माणसांचा मला राग आला नाहीं. त्यांच्या घरांतहि कोणी म्हातारी असेल आणि तिचींहि कांहीं मुलें गेलीं असतील. अशा घराला उपदेश पुरत नाहीं. वेळेवर येणारी परिचारिका, पोटावर ठेवलेला एक जाणता हात, आणि एका दिवसांत जाऊन येतां येईल एवढ्या अंतरावर एक यंत्र, एवढें मिळालें पाहिजे. आपण शहरांतील मंडळी आपल्या पोटाचीं चित्रें वर्षांतून दोनदां काढतों. त्या वेळीं ज्यांचें चित्र एकदांहि निघालें नाहीं त्यांची आठवण ठेवावी, आणि आपल्या घरीं कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाचें पोट फुगलेलें दिसलें तर त्याला आपण होऊन डॉक्टरांकडे न्यावें.

माझा तो अहवाल मीं घरीं जपून ठेविला आहे. त्यांत सर्व अवयवांचे रकाने आहेत. डागांसाठीं रकाना नाहीं. प्लीहेच्या पुढें बाईंनीं एकच शब्द लिहिला आहे : निर्दोष. तो आजीला वाचून दाखवितां आला असता तर फार बरें झालें असतें.